थंडीत धरलेलं इंजिन: आरएक्स १३५ च्या क्वाडचं जेटिंग कुठून सुरू करू?

मोहोळपट्टा | १९ जानेवारी, रात्री ९:१०

राम राम मंडळी. इथं आरएक्सवाले भरपूर आहेत म्हणून इथंच विचारतोय.

शेतासाठी घरीच क्वाड (चारचाकी बाइक) बांधलाय. पाइपची चासी, मागं एकच सलग धुरा, त्यावर मोठं स्प्रॉकेट, इंजिन यामाहा आरएक्स १३५ चं, टू स्ट्रोक, पाच गिअरवालं. डांबरावर काढत नाही. डाळिंबाची बाग, कॅनॉलचा बांध आणि घर, एवढंच त्याचं जग. मागं छोटी ट्रॉली लावून क्रेट नाहीतर औषधाचे कॅन नेतो.

मूळ कार्ब्युरेटर जाऊन २८ मिलिमीटरचा केहिन पीडब्ल्यूके आला (अस्सल नाही, त्याची नक्कल). एअरबॉक्स काढून फोमचा फिल्टर थेट लावला, सायलेन्सरच्या जागी एक्स्पान्शन चेंबर. ऑइल पंप काढून टाकला, तेल टाकीतच मिसळतो. पेट्रोल मोजून सोडणारे पितळी जेट असे: मेन जेट १२०, पायलट ४०, सुईची क्लिप मधल्या खाचेत. २०२३ च्या मे महिन्यात हे सगळं बसवलं आणि तेव्हापासून हात लावला नाही. उन्हाळ्यात मस्त पळायचा.

परवा, सोलापूरच्या गड्डा यात्रेची गर्दी अजून होती त्या दिवसांत, पहाटे मोटार चालू करायला निघालो. अंगात दोन स्वेटर. इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलं, मग बांधावरनं दोन-अडीच किलोमीटर अर्ध्या रेसवर गेलो. पुढं उतार आला म्हणून रेस सोडली आणि इंजिन धरलं, म्हणजे पिस्टन सिलेंडरमध्येच अडकला, मागची दोन्ही चाकं एकदम जाम. क्लच दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला असता तर कॅनॉलमध्येच होतो.

बोअर करून घेतला, पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घातला. ज्यांनी काम केलं ते म्हणाले तेल कमी पडलं, आता लिटरला ५० मिली टाक. पण मी आधीपासून ५० च टाकतोय, दिवाळीपासून. त्याआधी ३० टाकायचो. अजून किक मारलेली नाही. जेट कोणता घालू?

एक गोष्ट राहिली. महिनाभर असं होत होतं की रेस सोडली तरी इंजिन दोन-तीन सेकंद वरच राहायचं, मग हळूहळू खाली यायचं. थंडीमुळं असेल म्हणून सोडून दिलं.

होटगीरोड_आरएक्स | १९ जानेवारी, रात्री ९:५५

दादा, वाचून काटा आला. जीव वाचला हे महत्त्वाचं.

माझ्या मते थंडीत जेट छोटा लागतो, कारण इंजिन थंड राहतं, त्याला पेट्रोल कमी पुरतं. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून मोठा जेट घालून पेट्रोलनं थंड ठेवायचं. माझ्या आरएक्स १०० ला मी असंच करतो. ११८ घालून बघा.

टूस्ट्रोक_अण्णा | १९ जानेवारी, रात्री १०:२०

११८ अजिबात घालू नका. मोहोळवाले, किक पण मारू नका अजून.

तुम्ही जे शेवटी लिहिलंय ना, रेस वर राहते म्हणून, ते सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. रेस सोडल्यावर स्लाइड (कार्ब्युरेटरमधली वरखाली होणारी झडप) बंद होते, मग इंजिन वर कशावर चालतं? दुसरीकडून कुठून तरी हवा येतीय म्हणून. ती हवा जेटमधनं येत नाही, त्यामुळं जेट कितीही बदला, तिचा हिशोब लागणार नाही.

जुना पिस्टन फेकला नसेल तर सांगा ओरखडे कुठं आहेत. चारी कोपऱ्यांना सारखे असतील तर थंड इंजिन एकदम ताणलं असं समजायचं, पिस्टन आधी फुगतो आणि सिलेंडर मागं राहतो. नुसत्या एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर पेट्रोल कमी पडलं. इनलेटच्या बाजूला असतील तर तेलाकडं बघायचं.

कोंडीची_मेकॅनिकल | १९ जानेवारी, रात्री ११:०५

होटगीरोड दादा, थंडीचा हिशोब उलटा आहे. राग मानू नका, आकडे देते.

मेमधली आपली दुपार ४२ अंश धरा आणि जानेवारीतली पहाट १२. केल्विनमध्ये ३१५ आणि २८५. म्हणजे पहाटेची हवा दुपारच्या हवेपेक्षा साधारण १० टक्के दाट. तेवढ्याच भोकातून तेवढीच हवा ओढली तरी वजनानं १० टक्के जास्त हवा आत जाते. कार्ब्युरेटर त्यातलं थोडं स्वतःच सांभाळतो, कारण हवा दाट झाली की व्हेंचुरीतली (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातली) ओढही वाढते, पण ती भरपाई निम्मीच होते. उरलेलं ५ टक्के पेट्रोल कमी पडतं. उन्हाळ्यात बरोबर लागलेला जेट म्हणून थंडीत लीन होतो, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी देतो.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. साध्या पेट्रोलला १ किलोमागं साधारण १४.७ किलो हवा लागते, १० टक्के इथेनॉलवाल्याला १४.१, २० टक्केवाल्याला १३.५ च्या आसपास. तुम्ही जेट लावले तेव्हा बहुतेक पंपांवर १० टक्केवालंच होतं. २०२५ पासून सगळीकडं २० टक्के. त्याच जेटमधनं आता ४ टक्क्यांच्या जवळपास कमतरता.

तिसरी गोष्ट तुम्ही चांगल्या हेतूनं केलेली. लिटरला ३० ऐवजी ५० मिली तेल घातलं की जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक लिटरात पेट्रोल २ टक्के कमी. तेल वाढवलं की मिश्रण लीन होतं हे बरेच जण विसरतात.

५, ४ आणि २. एकेकटं कुणीच इंजिन धरलं नसतं. तिन्ही एकाच पहाटे एकत्र आले, शिवाय अण्णा म्हणतात ती गळती.

बार्शीकर७८ | २० जानेवारी, सकाळी ७:३०

कोंडीताई, उत्तम. आमच्या भागातला निम्मा ऊस कारखान्याच्या डिस्टिलरीतून फिरून परत आमच्याच टाकीत येतो, तेव्हा हा विषय आपल्याला टाळता येणारच नाही. माझ्या गाडीचा पेट्रोल पाइप सहा महिन्यांत कडक होऊन तडकला. जुन्या गाड्यांची रबरं त्या काळच्या पेट्रोलसाठी होती. कार्ब्युरेटर उघडाच, तर फ्लोटच्या निडलचं रबराचं टोक आणि ओ-रिंगही बघून घ्या. आणि महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

मोहोळपट्टा | २० जानेवारी, दुपारी १:१५

पिस्टन जपून ठेवलाय. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला, तळहाताच्या रेषांसारखे उभे. इनलेटची बाजू स्वच्छ, यंत्राच्या बारीक रेघा अजून दिसतात. प्लग पांढराफटक, आणि टोकाच्या चिनीमातीवर मिठाच्या कणासारखे दोन-तीन चकाकणारे ठिपके.

ताई, तेल वाढवल्यानं मिश्रण लीन होतं हे आज पहिल्यांदा कळलं. मी तर इंजिनच्या काळजीनं वाढवलं होतं.

अण्णा, गळती शोधायची कशी? कार्ब्युरेटरच्या रबरावर पेट्रोल शिंपडून बघितलं होतं, काही फरक नव्हता.

टूस्ट्रोक_अण्णा | २० जानेवारी, रात्री ८:४०

चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडू नका परत कधी. जीव जाईल.

ते ठिपके पिस्टनचे आहेत, ॲल्युमिनियम वितळून उडालेलं. एक्झॉस्टची बाजू खरवडली, प्लग पांढरा. पेट्रोल कमी पडलं, शंका नको.

आता गळती. टू स्ट्रोकचा क्रँककेस म्हणजे पंप. खालून मिश्रण ओढतो, वर ढकलतो. त्याला कुठंही सुईएवढं भोक असलं तर तिथनं हवा ओढणार. इंजिन बंद ठेवून त्यात दाब भरायचा आणि टिकतो का बघायचं. ह्यासाठी मी बीपी मोजायचं जुनं मशीन वापरतो, डॉक्टरचा घड्याळवाला प्रकार. पट्टा काढून टाकायचा, रबरी फुगा आणि घड्याळ तेवढं ठेवायचं.

एक्झॉस्टचं तोंड ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा आणि लोखंडी पट्टी लावून बंद करा. इनलेटच्या रबरात बरोबर मावेल असं लाकडाचं नाहीतर नायलॉनचं बूच, त्याच्या मधनं बारीक नळी काढून फुग्याला जोडा. क्लॅम्प आवळा. प्लग घट्ट. मग हळूहळू २५० पर्यंत न्या. हा झाला ५ पीएसआयच्या जरासा खाली. ह्याच्यावर नेऊ नका, सील उलटायचं. आता घड्याळ बघत बसा. पाच-सहा मिनिटांत काटा थोडा उतरला तर चालतो, पण मिनिटाला ५० नं पडत असेल तर गळती आहेच. मॅग्नेट काढून क्रँकच्या सीलवर साबणाचं पाणी लावा, इनलेटच्या जोडावर, सिलेंडरच्या पॅकिंगवर, हेडवर लावा. बुडबुडा सांगतो.

क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर बुडबुडा दिसत नाही, ते झाकणाच्या आत असतं. तिकडचं ओळखायचं गिअर ऑइलवरून: पातळी उतरते आणि धूर वाढतो. तुमचं नुसतं रेस वर राहणं आहे, म्हणून मला मॅग्नेटच्या बाजूची शंका येतीय.

लेथवाला_अक्कलकोटरोड | २० जानेवारी, रात्री ९:३०

बूच माझ्याकडं करून देतो, नायलॉनची कांडी पडलेलीच आहे. माप फक्त कळवा.

अजून एक. जेट साफ करताना तार घालू नका. माझ्याकडं महिन्याला दोन-चार जण 'जेटचं माप घेऊन दे' म्हणून येतात, आणि पितळेत आत ओरखडे. केहिनचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तारेनं दोन-तीन शतांश वाढले की तुमचा १२० हा १२२ झाला, आणि तोही वाकडा. नकली जेट तर नवे असतानाच आकड्याला खरे नसतात. मी पिन गेजनं मोजतो, एकाच पुडीतल्या दोन १२० मध्ये फरक निघालेला आहे. घेताना एकाच मेकचे सगळे घ्या, निदान चूक तरी सगळ्यांत सारखी राहील. मिकुनीचा आकडा केहिनच्या आकड्याशी जुळवू नका, त्यांची मापण्याची पद्धतच वेगळी.

मोहोळपट्टा | २३ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

अण्णा, मिळालं.

लेथवाल्या भावांनी बूच दिलं, पैसे घेतले नाहीत. दवाखान्यातलं जुनं मशीन आमच्या चुलतीकडं होतं. इंजिन गोठ्यासमोर बाजेवर ठेवलं, २५० पर्यंत नेलं आणि हात सोडला. काटा डोळ्यासमोर उतरायला लागला. एका मिनिटात १६०.

मॅग्नेट काढला. ब्रशनं साबण लावला तेव्हा काहीच नाही. मग पोरानं फुगा परत दाबला आणि सीलच्या खालच्या कडेला, जिथं ते शाफ्टला टेकतं तिथं, एकामागं एक बारीक बुडबुडे, मोहरीएवढे. येतच राहिले. आम्ही दोघं नुसते बघत बसलो. एवढ्याशा जागेतनं हवा शिरून पिस्टन वितळला!

सील काढलं तर त्याचा आतला ओठ कडक, नखानं दाबला तर दबत नाही, आतली स्प्रिंग सैल. पिस्टन आणि बोअरला एवढा खर्च केला, त्याच सीलवर. ज्यांनी बोअर केला त्यांनी सीलला हातच लावला नव्हता, मीही विचारलं नाही. दोन्ही बाजूची सील नवी घातली. आता पाच मिनिटांत २५० वरून २४० वर येतं.

आता तरी जेटचं सांगा.

टूस्ट्रोक_अण्णा | २३ जानेवारी, रात्री ९:१५

आता सांगतो. शाब्बास.

तेल लिटरला ३० मिली, साधारण ३३ ला १. चांगल्या मेकचं. ह्याच्यात परत बदल करायचा नाही. तेल, प्लग, फिल्टर हे तिन्ही कायम ठेवूनच जेट लागतात. फोमचा फिल्टर धुऊन, तेल लावून, पिळून घ्या. आपल्या काळ्या मातीची धूळ कोरड्या फोममधनं सरळ आत जाते, आणि फोम बुजला तर मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. दोन्हीकडनं तुमचा आकडा खोटा पडतो.

सुरुवात मोठ्या जेटनं करा. मेन १२८ घाला. टू स्ट्रोकमध्ये रिचकडनं खाली यायचं, लीनकडनं वर कधीच नाही. रिच असलं तर गाडी भुडभुडते, प्लग काळा होतो, एवढंच. लीनची शिक्षा तुम्ही बघितलीय.

आता महत्त्वाचं. तुम्ही सगळे मेन जेटच्या मागं लागता. शेतातला क्वाड पूर्ण रेसवर दिवसातनं किती वेळ असतो? ट्रॉली लावून बागेतनं जाताना पाव ते अर्धी रेस. तिथं मेन जेटला काम फारसं नाही, तिथं सुई बोलते. रेस बंदपासून साधारण एक अष्टमांशपर्यंत पायलट आणि एअर स्क्रू, त्याच्या पुढं पावपर्यंत स्लाइडची कापलेली कड, पावपासून पाऊणपर्यंत सुई, आणि पाऊणच्या पुढं मेन. कडा एकमेकांत मिसळतात, पण ढोबळ असं. तुमचं इंजिन अर्ध्या रेसवर तापलं आणि रेस सोडल्यावर धरलं, तिथं मेनचा दोष सगळ्यात कमी होता.

म्हणून पहिल्यांदा अंगठ्याच्या लिव्हरवर खुणा करा. बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. खुणा नसतील तर 'अर्ध्या रेसवर अडखळते' ह्या वाक्याला काही अर्थ नाही.

इंजिन चांगलं गरम झाल्यावर एअर स्क्रू. ह्या कार्ब्युरेटरला स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे, बाहेर काढला की हवा वाढते, लीन. दीड फेऱ्यांपासून सुरू करा, रेस सगळ्यात वर जाईल ती जागा शोधा. ती एक फेरीच्या आत आली तर पायलट लहान आहे. अडीचच्या पुढं गेली तर मोठा.

मग सपाट जागी अर्धी रेस धरून चाला आणि चोक क्षणभर ओढा. गाडीनं जोर घेतला तर लीन, सुई वर घ्यायची, म्हणजे क्लिप एक खाच खाली. गुदमरली तर ठीक आहे.

उतारावर रेस पूर्ण सोडून गिअरमध्ये राहू नका. तेल पेट्रोलमध्येच असतं, रेस बंद म्हणजे तेलही बंद, आणि चाकं मात्र इंजिनला फिरवत असतात. क्लच दाबा नाहीतर अधूनमधून एक झटका द्या. ऑइल पंप काढलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

होटगीरोड_आरएक्स | २३ जानेवारी, रात्री १०:००

कोंडीताई, अण्णा, मी चार वर्षं उलटं करत होतो. माझ्या गाडीचा प्लग आज काढून बघितला, थंडीत पांढराच आहे. उद्याच जेट बदलतो. धन्यवाद.

एक विचारायचं होतं. परदेशातल्या यामाहा ब्लास्टर क्वाडचे जेटचे आकडे नेटवर मिळतात. तोही हवेवर थंड होणारा सिंगल टू स्ट्रोक. त्यावरून अंदाज घेता येईल का?

कोंडीची_मेकॅनिकल | २३ जानेवारी, रात्री १०:२५

ब्लास्टर १९५ सीसीचा आहे, आरएक्स १३५ चं इंजिन १३२ सीसीचं. कार्ब्युरेटर वेगळा, चेंबर वेगळा, पेट्रोल वेगळं, आणि आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. आकडे घेऊ नका. रीत मात्र तीच आहे, ती घ्या.

मोहोळपट्टा | १ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आठवडा लागला. नव्या पिस्टनमुळं आधी गरम-थंड, गरम-थंड केलं, टाकीभर पेट्रोल हलक्या हातानं जाळलं.

लिव्हरवर बायकोच्या लाल नेलपॉलिशनं पाच खुणा केल्या. पायलट ४० वर रेस सगळ्यात वर गेली ती अर्ध्या फेरीवर. म्हणजे पायलट लहान. गळती होती तेव्हा हे कळतच नव्हतं, स्क्रू कुठंही फिरवला तरी इंजिन सारखंच चालायचं. ४२ घातला, आता सव्वा फेरीवर लागतो. रेस सोडली की इंजिन लगेच खाली येतं. हा आवाज मी महिनाभर ऐकला नव्हता.

अर्ध्या रेसवर चोक ओढला तर जोर घ्यायचा. क्लिप वरून तिसऱ्या खाचेतून चौथ्या खाचेत टाकली. आता ओढला तर गुदमरतो. ट्रॉलीत दहा क्रेट घालून बागेतनं तीन चकरा मारल्या, पूर्वी दुसऱ्या चकरेत येणारा तो टणटण आवाज नाही.

मेन १२८ वर पूर्ण रेसला भुडभुड. १२५ वर साफ. नवा प्लग लावून कॅनॉलच्या सरळ पट्टीवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस धरली, तशीच किल्ली बंद, क्लच दाबून थांबलो. तो प्लग लेथवर कापून घेतला. आत चिनीमातीच्या अगदी मुळाशी कडं आहे, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचं.

हे सगळं पहाटेच्या थंडीत. अण्णा, उन्हाळ्यात काय करू?

टूस्ट्रोक_अण्णा | १ फेब्रुवारी, रात्री ९:५०

दुपारी ऊन चटका द्यायला लागलं की वर भुडभुडायला लागेल. तेव्हा १२२. सुईला हात लावू नका, पायलटही राहू द्या, एअर स्क्रू पाव फेरी बाहेर. दिवाळीनंतर परत १२५.

लेथवाला_अक्कलकोटरोड | १ फेब्रुवारी, रात्री १०:१५

१२२ आणि १२५ दोन्ही घेऊन या, पिन गेजवर मोजून देतो.

मोहोळपट्टा | १७ मार्च, दुपारी ३:४०

कळवायचं राहिलं. काल ३९ होतं. पाऊण रेसच्या वर भुडभुड सुरू झाली, अण्णा म्हणाले तशीच. १२२ घातला, साफ. १२५ शेंगा चटणीच्या रिकाम्या बरणीत ठेवलाय, वर कागद चिकटवून: 'दिवाळीनंतर'.